बोटभर उजेड

त्या खोलीत सकाळ चोरपावलांनी येई. आधी खिडकीच्या काळ्या पडद्याची खालची कड करडी होई. इतकी अलगद, की ती आत्ता झाली की मघापासूनच तशी होती, हे सांगता येऊ नये. मग, पडदा जिथे बोटभर वर उचललेला असे, त्या फटीतून उजेडाची चिंचोळी पट्टी सिमेंटच्या ओट्यावर उतरे. तिथे सांडलेल्या पाण्यापाशी क्षणभर घुटमळे, रबरी नळ्यांच्या वळणांवरून वर चढे आणि काचेच्या पहिल्या टाकीला जाऊन टेके. काच आधी राखेच्या रंगाची दिसे, मग दुधाळ. मग काच कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते, हे ओळखू येई. पाण्यात एक रेघ हले. तिच्याशेजारी दुसरी. त्या रेघांना डोळे उमटत, शेपट्या उमटत, आणि बघता बघता टाकीभर मासे होत, करंगळीच्या पेराहून फारसे मोठे नसलेले. त्यांच्या अंगावरच्या पट्ट्यांना निळा रंग चढे तो सर्वांत शेवटी. तो रंग चढताना पाहावा, एवढ्यासाठी तो घरातून अंधारात निघत असे.

एरवी त्या वेळी तिथे येण्याची त्याला गरज नव्हती. छतातला पांढरा दिवा ठरल्या वेळी आपोआप लागे, टाक्यांवरचे कॅमेरे अंधारातही सारे टिपत, आणि चित्रण शेजारच्या खोलीतल्या संगणकात जाऊन बसे. पण प्रयोगाची ही तिसरी खेप सुरू झाल्यापासून त्याच्या पायांना भिंगरी लागली होती. झोप उडाली होती, भुकेने काढता पाय घेतला होता. दिव्याच्या आधीच तो येई, पडदा बोटभर उचली आणि खिडकीजवळच्या, टाक्यांच्या फळीसमोर स्टूल ओढून बसे. या एवढ्याशा उजेडाने कॅमेऱ्याला काही बाधा होत नाही ना, हे त्याने पहिल्याच दिवशी नीट तपासून घेतले होते. होत नव्हती.

मग खट् आवाज होऊन दिवा लागे आणि खोलीभर पांढरा उजेड आदळे. हीच परीक्षेची घटका. हे मासे जन्मतःच अपस्माराचे होते. प्रयोगशाळेने त्यांचा तो वंश मुद्दाम जपला होता. एकाएकी उजेड अंगावर आला, की त्यांना फिट येई. मासा एका कुशीवर कलंडे, भोवऱ्यासारखा गरगरे आणि तळाशी जाऊन ताठ पडून राही. पण खिडकीजवळच्या फळीवरचे मासे, दिवा लागला तरी, गेले कित्येक दिवस शांत पोहत होते. जणू काही घडलेच नाही. ते पाहून त्याला नाचावेसे वाटे. नाचता येत नसे, म्हणून तो उठून पुन्हा एकदा हात धुई.

तसा तो माणसांचा डॉक्टर. शिक्षण माणसांचे, पदवी माणसांची. पण वॉर्डात रुग्णाचा बाप समोर येऊन उभा राहिला आणि ‘पुढे काय होईल?’ म्हणाला, की याच्या घशाला कोरड पडे. सांगायचे ते सगळे ठाऊक असे, आणि तोंडातून ‘बघू’ याखेरीज अक्षर फुटत नसे. मासे प्रश्न विचारत नाहीत. म्हणून तो माशांकडे आला, असे लोक म्हणत. ते अर्धे खरे होते.

उरलेले अर्धे म्हणजे ताई. तो शाळेत होता तेव्हापासून घरात त्याचे एक काम ठरलेले होते. ताईला फिट आली, की खुर्ची मागे ओढायची, डोक्याखाली उशी सरकवायची, तिला कुशीवर वळवायचे आणि शुद्ध येईपर्यंत जवळ बसायचे. त्यात बोलण्याचा भाग नव्हता, त्यामुळे ते त्याला उत्तम जमे. ताई डोळे उघडी आणि जड जिभेने पहिले वाक्य बोले ते बहुधा थट्टेचेच: “काय रे घुम्या, मी नव्हते तेवढ्यात कुणाशी बोललास की नाही?”

पुढे तिच्या मेंदूचे चित्र काढले गेले, तेव्हा कारण कळले. मूल पोटात असताना त्याचा मेंदू घडत असतो. पेशी आत जन्मतात आणि चालत चालत बाहेरच्या थरातल्या आपल्या जागी पोचतात. ताईच्या काही पेशी अर्ध्या वाटेतच बसून राहिल्या होत्या. डॉक्टर हे सांगत होते तेव्हा आईने पदराचे टोक मुठीत धरले होते. ताईने मात्र चित्र हातात घेऊन उजेडासमोर धरले. पाहुणे लग्नाला निघाले आणि वाटेतच मुक्काम ठोकून बसले, असे ती म्हणाली. आता तिथेच दंगा घालतात. डॉक्टरही हसले. तो मात्र त्या चित्रातल्या पांढुरक्या ठिपक्याकडे पाहत राहिला, आणि त्या दिवशी त्याने मनाशी काहीतरी ठरवले. कुणाला सांगितले नाही. घरात ते सगळ्यांना ठाऊक होते; घुम्या माणसाच्या मनातले घरभर ऐकू येते.

ही प्रयोगशाळा मोठ्या बाईंची. बाई बोलायला मिरची आणि कामाला घड्याळ. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवले आणि अंड्यातून नुकतेच निघालेले माशाचे पिल्लू भिंगाखाली ठेवले. ते पिल्लू काचेसारखे आरपार होते. त्याचे हृदय धडधडताना दिसत होते. आणि त्याच्या इवल्या डोक्यात, रंगाने उजळलेल्या पेशी एकामागोमाग एक चालल्या होत्या. थबकत, चाचपडत, पुढच्याचा माग काढत. मेंदू घडत होता आणि तो बघत होता! संध्याकाळी बाईंनी दिवे मालवायला सांगितले, तेव्हा जेवायचे राहून गेल्याचे त्याच्या ध्यानात आले. त्यानंतर कित्येक वर्षे त्याने दुसरे काही केले नाही. लग्नाचा विषय निघाला की ताई सर्वांना परस्पर सांगून टाकी, की त्याचे जमले आहे, सासरी पाणी भरपूर आहे.

त्या वर्षांत त्याला एक गोष्ट सापडली. वाटेत बसलेल्या पेशींना उठवून जागेवर नेता येत नाही. पण नुसत्या बसून राहण्याने त्या घातक होत नाहीत. त्या शेजारच्या पेशींशी भलती सोयरीक जुळवतात, आणि त्या सोयरिकीतून पुढे फिटचा वणवा पेटतो. ती सोयरीकच रोखणारे एक औषध बाईंच्या प्रयोगशाळेत तयार झाले. प्रश्न एवढाच उरला, की ते केव्हा द्यायचे. घडण चालू असतानाच, का पुरती वाढ झाल्यावरही चालेल?

यासाठी तीन फळ्या लावल्या होत्या. एका फळीवरच्या माशांना पिल्लू असतानाच औषध मिळाले होते, दुसऱ्या फळीवरच्यांना वाढ पूर्ण झाल्यावर, आणि तिसऱ्या फळीवर नुसते पाणी. फळ्यांना रंगीत चिकटपट्ट्या होत्या: हिरवी, पिवळी, जांभळी. कुठला रंग कुणाचा, हे फक्त गणित्याला ठाऊक. गणित्या म्हणजे प्रयोगशाळेचा आकडेशास्त्री. पोटात गोष्ट ठेवण्याबद्दल त्याची ख्याती अशी, की त्याच्या बायकोलाही त्याचा पगार नक्की ठाऊक नसावा, असे बाई म्हणत. मासे मोजणाऱ्याला रंगाचा अर्थ कळता कामा नये, हा तिथला नियम. माणसाला जे हवे असते तेच त्याला दिसते, म्हणून.

पहिल्या खेपेला उत्तर स्वच्छ आले होते. पिल्लूपणी औषध मिळालेले मासे शांत. बाकीच्या दोन्ही फळ्या बेभान. प्रयोगशाळेत पेढे वाटावेत असा तो दिवस. आणि हा म्हणाला, पाणी जरा गार होते, मोठ्या माशांना औषध नीट भिनले नसेल, पुन्हा करू. दुसऱ्या खेपेला तेच उत्तर आले. हा म्हणाला, मात्रा कमी पडली. तेव्हा बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

“मासे दोनदा तेच सांगतायत, डॉक्टर. उत्तर आवडेपर्यंत विचारत राहायचं असतं का?”

त्याने मान खाली घातली. पण हट्ट सोडला नाही. बाईंनी मग त्याला समोर बसवून समजावले. मुलांच्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई या उत्तरासाठी थांबल्या होत्या. ज्या घरांत हा आजार आहे, तिथल्या तान्ह्या बाळांवर उपचार सुरू करायचे, की मूल मोठे होऊ द्यायचे? आपण ‘मोठेपणीही चालेल’ म्हटले, तर कुठली आई आपल्या तान्ह्याला नवे औषध द्यायला धजावेल? सगळ्या थांबतील, आणि थांबण्यातच वेळ हातची जाईल. एवढे बोलून बाई थोड्या निवळल्या. तिसरी खेप करा, म्हणाल्या, पण ही शेवटची.

आणि या शेवटच्या खेपेला दोन फळ्या शांत होत्या! मधली पिवळी शांत, खिडकीजवळची हिरवी शांत. भिंतीच्या कोपऱ्यातली जांभळी तेवढी बेभान. त्याने स्टुलावर बसून बोटे मोडत हिशेब मांडला. नुसत्या पाण्यावरचे मासे शांत राहणार नाहीत, म्हणजे जांभळी पाण्याची. दोन्ही शांत फळ्या औषधाच्या. म्हणजे एकात औषध उशिरा दिलेले, आणि तरीही लागू पडलेले! ती हिरवीच, असे त्याच्या मनाने घेतले. सोयरीक जुळल्यावरसुद्धा मोडता येते. ताईचे वय, ताईचा तो पांढुरका ठिपका, रोज सकाळी मोजून घेतलेल्या तिच्या गोळ्या, कधीही एकटीने न चढलेले तिचे जिने, हे सगळे त्याच्यासमोर त्या हिरव्या टाकीत निवांत पोहू लागले.

गणित्याचा कागद उघडायला अजून दोन दिवस होते. त्याला दम निघेना. त्याने ताईला फोन केला आणि, जन्मात पहिल्यांदाच, प्रयोगशाळेत ये, तुला काहीतरी दाखवायचे आहे, असे म्हणाला. ताईने विचारले, मुलगी आहे का? मासे आहेत म्हटल्यावर तिने सुस्कारा टाकला आणि येते म्हणाली.

ताई घरी बसून छापखान्याची मुद्रिते तपासण्याचे काम करी. दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो, तुला फुकट काढून देते, असे ती त्याला नेहमी ऐकवी. अंधारातच तो तिला हाताला धरून जिन्याने वर घेऊन आला. त्याने तिला पांढरा अंगरखा दिला, पायांत कापडी पिशव्या चढवायला लावल्या, आणि दिवा लागण्याआधी आपण बाहेर पडायचे आहे, हे दोनदा बजावले. अचानक आलेला उजेड तिलाही सोसत नसे. आत स्टूल एकच होते. त्यावर त्याने ताईला बसवले आणि सवयीने खिडकीशी जाऊन पडदा बोटभर उचलला.

करडी कड उजळली. पट्टी ओट्यावर उतरली. ताई पाहत होती. टाकीतली पहिली रेघ हलली तशी तिने पुढे वाकून तोंडावर हात ठेवला. निळा रंग चढला, तेव्हा ती हळूच हसली.

“अगदी आईसारखं करतोस.”

“काय?”

“पडदा. विसरलास? आई माझ्या खोलीचा पडदा असाच उचलायची. आधी बोटभर. मग चहा टाकून यायची, मग अजून थोडा.” टाकीवरची नजर न काढता ती म्हणाली, “एकदम उघडला की मी आडवी. असा उघडला की सकाळ सुखाची जायची.”

तो उभा होता तिथेच उभा राहिला. आई जाऊन बरीच वर्षे झाली होती. तिच्या हाताची ती हालचाल, दोन बोटांनी कापडाची कड चिमटीत धरण्याची, आपल्या हातात कधी येऊन बसली, हे त्याला कळलेही नव्हते. त्याने पडद्याकडे पाहिले. मग उजेडाची पट्टी जिथे टेकली होती तिथे: हिरव्या फळीवर. मधल्या कपाटाची सावली पिवळ्या फळीवर होती, आणि जांभळी तर पार कोपऱ्यात, काळोखात.

ताईला घेऊन तो बाहेरच्या खोलीत आला. संगणकाच्या पडद्यावर दोघांनी पाहिले: आत दिवा लागला, हिरव्या फळीवरचे मासे शांत पोहत राहिले. ताईने आनंदाने त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि हे माझ्यासारखे आणि तरी बघ कसे शहाणे, असे काहीबाही बोलत राहिली. तो गप्प होता. ते नेहमीचेच असल्यामुळे तिला त्यात वावगे वाटले नाही.

ताईला जिना उतरवून खालच्या दारापर्यंत सोडून तो तडक बाईंकडे गेला. बाई, पडदा, एवढेच तो म्हणू शकला. पुढचे हातवाऱ्यांनी आणि तुटक शब्दांनी. बाईंनी सगळे ऐकून घेतले. त्या ओरडतील अशी त्याची खात्री होती, आणि त्या ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

“कॅमेऱ्याचं तपासलंत,” त्या सावकाश म्हणाल्या. “माशांनाही डोळे असतात, ते कुणी तपासायचं?”

मग त्या खुर्चीतून उठल्या, आणि त्याला नवल वाटले, कारण त्यांच्या डोळ्यांत राग नव्हताच. शिकारीच्या वासावर कान टवकारलेल्या मांजरासारख्या त्या दिसत होत्या. हिरवी फळी आता विसरा, त्या म्हणाल्या. पिवळीवर तर उजेड पडत नव्हता ना? तिच्यावर तर दिवा रोज कोरा करकरीत आदळत होता ना? मग ती का शांत होती?

इतके दिवस तो पिवळ्या फळीकडे पाठ करून बसला होता.

दुसऱ्या दिवशी पडद्याच्या चारही कडा काळ्या चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. पट्टी त्यानेच लावली. दोनदा, आणि वर हात फिरवून पुन्हा एकदा. बाहेरच्या खोलीत संगणकासमोर तिघे दाटीवाटीने बसले होते, तो, बाई आणि कागद खिशात घेऊन आलेला गणित्या. गणित्या पाय हलवत होता, आणि बाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवला. याला भीती होती, यात शंका नाही. पण त्या भीतीच्या पोटात दुसरेच काहीतरी उसळत होते, आणि ते त्याच्या ओळखीचे होते. त्या पहिल्या दिवशी, भिंगाखाली पेशी चालताना पाहिल्या, तेव्हाचे ते होते.

दिवा लागला.

हिरवी फळी कोसळली. एकामागून एक मासा कलंडला, गरगरला, तळाला गेला. कोपऱ्यातल्या जांभळीचे तेच. आणि मध्ये, दोन्हीकडे असा कल्लोळ उठलेला असताना, पिवळ्या फळीवरचे मासे पोहत होते. एक वळला. दोघे एकमेकांमागून खालून वर आले. त्यांतला एक तर काचेपाशी येऊन, उजेडात तोंड उघडझाप करत, कुणीतरी खाऊ टाकील म्हणून वाट बघत उभा राहिला.

“एकही नाही,” बाई पुटपुटल्या. “अहो, एकही नाही.” त्यांनी त्याचा दंड इतका घट्ट धरला होता, की पुढे दोन दिवस तिथे वळ राहिला.

गणित्याने कागद उलगडला. पिवळी: पिल्लूपणी औषध. जांभळी: मोठेपणी औषध. मग तो थांबला, घसा खाकरला आणि जराशा अपराधी आवाजात म्हणाला, हिरवी नुसत्या पाण्याची. ज्या माशांना उशिरा दिलेल्या औषधाने बरे केले, असे समजून हा रोज हात धूत होता, त्यांना औषधाचा थेंबही मिळालेला नव्हता. त्यांना मिळाली होती फक्त आईची सकाळ.

आणि मग त्यालाच हसू फुटले. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाई हसल्या, गणित्याही हसला. इतक्या वर्षांत हा माणूस हसताना कुणी पाहिला नव्हता. उशिराचे औषध तीन वेळा हरले होते, आणि वेळेवरचे तीन वेळा जिंकले होते. या वेळी तर त्याच्या मूर्खपणाची फळीच शेजारी उभी असताना. बाईंनी वॉर्डात फोन लावला. त्या डॉक्टरीणबाईंशी बोलत असताना त्याला शब्द ऐकू येत होते: तान्ही बाळे, लगेच, हो, खात्री, पूर्ण खात्री. पलीकडून कुणीतरी ओरडल्याचा आवाज आला. वॉर्डात आनंदाने ओरडायची चाल नसते. आज ओरडले होते.

तो बाहेरच्या जिन्यावर गेला. खाली रस्त्यावर सकाळ पुरती उघडली होती. दुकानांची शटरे वर जात होती, एक बाई मुलाच्या डोक्यावरची टोपी सारखी करत होती. तेवढ्यातल्या तेवढ्यात त्याने त्या मुलाच्या वयाचा, औषधाला ते वेळेत बसते का याचा, मनाशी अंदाज बांधला आणि त्याचे त्यालाच हसू आले. त्याने ताईला फोन लावला.

ताईने पहिल्याच घंटेला उचलला. परीक्षा झाली का, पास की नापास, असे तिने विचारले. आणि तो बोलू लागला. पिवळ्या फळीचे बोलला, बाईंच्या हाताच्या पकडीचे, काचेपाशी खाऊ मागणाऱ्या त्या माशाचे, येत्या महिन्यापासून वॉर्डात सुरू होणाऱ्या उपचारांचे. वाक्यामागून वाक्य येत होते. मध्येच श्वास घ्यावा लागत होता. ताई एकदाही मध्ये बोलली नाही.

“अरे, केवढा बोललास,” शेवटी ती म्हणाली. “आता त्या बाळांना माझ्यासारखं...”

“नाही होणार. बहुतेकांना नाही होणार.”

“आणि ती खिडकीजवळची? मला दाखवलीस ती, हिरवी?”

जिन्याच्या कठड्यावर ऊन आले होते. त्याच्या घशाला कोरड पडली. ‘बघू’ हा शब्द ओठांपर्यंत आला, आणि त्याने तो गिळला.

“ती पडद्यामुळे शांत होती,” तो म्हणाला. “हे औषध तुला लागू पडणार नाही, ताई.”